कडू करांद्याचं कुळ

फळ्यावर मी तो शब्द लिहिला की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. डायोस्कोरिएसीई. मग मी डस्टर टेबलावर आपटत तो फोडून म्हणायला लावायचे. डाय. ऑस. को. री. ए. सी. ई. सात ठोके, सात अवयव. शेवटचा 'ई' कुणी गिळला की पुन्हा पहिल्यापासून. मुलं म्हणायची, ह्या मॅडमच्या तासाला वनस्पतिशास्त्र कमी आणि कवायत जास्त. म्हणेनात का! मुळशी तालुक्यातल्या एका साध्या कॉलेजात मी बावीस वर्षं ही कवायत घेतली. आमची मुलं पुण्याला तोंडी परीक्षेला गेली की परीक्षक विचारायचे, तुम्हाला शिकवतं कोण. ते कानावर आलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

शब्द नुसता घोकून घेणं मला पटत नसे. तो उलगडून दाखवायचा. "शेवटचं 'एसीई' म्हणजे आपलं 'कर'," मी सांगायचे. "रिह्याचा तो रिहेकर, घोटावड्याचा तो घोटावडेकर, तसे डायोस्कोरिया ह्या वेलाच्या घरातले ते डायोस्कोरिएसीई. कुळाचं आडनावच ते." आणि डायोस्कोरिया हे नाव एका जुन्या ग्रीक वैद्याच्या नावावरून पडलेलं. वैद्याच्या नावाचं कुळ, तेव्हा घराणं चांगलं आहे, असं मी हसत हसत पुढे जोडायचे. कोनफळ त्यातलं, करांदा त्यातला. पानं बदामाच्या आकाराची, शिरा देठापासून टोकापर्यंत गेलेल्या, वेल झाडाला वेढे घालत चढणारा. एका घरातली माणसं नाकावरून ओळखू येतात तशी ही पानावरून ओळखायची. हे वाक्य मी दर वर्षी न चुकता म्हणत असे. आता म्हणत नाही.

उच्चाराचं हे वेड मला कुठून लागलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसताच तोरा वाटेल. मी मराठवाड्यातल्या खेड्यातली. पुण्यात शिकायला आले तेव्हा तोंडी परीक्षेत सरांनी माझ्यासमोर एक वेल ठेवला आणि कुळ विचारलं. मला उत्तर येत होतं. मी म्हणाले, "ड्यास्कोरेसी." सरांनी कानामागे हात धरला आणि म्हणाले, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, कारण तोवर दारात उभी असलेली मुलंही हसायला लागली होती. गुण मला पूर्ण मिळाले. पण त्या दिवशी हॉस्टेलच्या गच्चीवर बसून मी तो शब्द शंभरदा तरी म्हटला असेल, रडत आणि चिडत. आपल्याला सगळं येतं आणि तरी आपल्याला हसतात, ह्यासारखा जाळ दुसरा नाही. तेव्हाच ठरवलं, माझ्या हाताखालून गेलेल्या कुणालाही ह्या कारणासाठी कुणी हसायचं नाही.

मावशी मला भेटली ती घोटावड्याच्या बाजारात. रिह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. पावसाळ्यात रानभाज्या आणि दिवाळीनंतर कंद घेऊन ती खाली यायची आणि रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून वाटे लावून बसायची. तीन प्रकारचे वाटे असत. कोनफळ, गोड करांदा आणि कडू करांदा. गोड आणि कडू मला शेजारी शेजारी ठेवले तरी नीट ओळखता यायचे नाहीत, हे मी कबूल करते. वेल, पान, शिरा दिसत असतील तर ठीक. नुसता मातीनं माखलेला कंद पाहून माझी विद्या संपायची. मावशी मात्र नख लावून वास घ्यायची आणि बाजूला टाकायची.

कडू वाट्याबरोबर ती नेहमी एक पुरचुंडी द्यायची. पळसाच्या पानात मूठभर चुलीतली राख, वर केळीच्या सोपटाची गाठ. पहिल्यांदा तिनं ती माझ्या पिशवीत टाकली तेव्हा मला वाटलं मीठ-मसाला असेल.

"राख हाय," ती म्हणाली. "चकत्या करायच्या, ही राख चोळायची, मंग उकळायचं. त्ये पानी फेकायचं. मंग टोपल्यात घालून वढ्याच्या धारंत ठिवायचं, रातभर. तवा कडूपना जातुया. राखंबिगर कुनी खाल्लं तर घसा सोलतुया. लई खाल्लं तर मानूस बी जातंय."

"आणि कुणाला हे माहीतच नसेल तर?"

"म्हून तर राख देतुया. राख बघून मानूस इचारतंय, ह्ये कशाला. मंग म्या सांगती."

तिच्या वाडीची ही रीतच होती. कडू कंद कधी एकटा द्यायचा नाही, लेकीच्या घरीसुद्धा नाही. पुरचुंडी बघितली की घेणाऱ्याला समजायचं, नाही समजलं तर तो विचारायचा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्या पद्धतीला लिहिता-वाचता येण्याची गरजही नव्हती. मला तेव्हा ते फार गोड वाटलं. घरी येऊन वहीत टिपूनही ठेवलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पुढे प्रात्यक्षिकांसाठी लागणाऱ्या वनस्पती मावशीच आणून देऊ लागली. प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून ती माझा तास ऐकायची आणि नंतर मला छेडायची. "ह्येला तुमी काय म्हनता म्हनं?" मी सांगायचे. तिची जीभ भलतीच चपळ. तिसऱ्या खेपेला ती सातही अवयव ठोक्यावर म्हणू लागली, शेवटच्या 'ई'सकट. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जे वर्षभरात जमत नव्हतं ते हिला जमलं, आणि ती पदरानं तोंड झाकून हसली. मी तिला कुळाचंही समजावलं, सगळे एका घरातले वगैरे. ते तिला तितकंसं पटलं नाही.

"एका घरातली समदी सारखी आस्त्यात व्हय, म्याडम? माझा थोरला दीर द्येवमानूस, धाकला बायकूला मारतुया. आडनाव येकच."

मी हसले. चांगला विनोद म्हणून स्टाफरूममध्येही सांगितला.

गेल्या खेपेच्या दिवाळीनंतर कॉलेजनं रानकंदांचं प्रदर्शन आणि विक्री ठेवली. हल्ली हिंजवडीच्या बाजूची नोकरदार मंडळी असं काही असलं की गाड्या काढून येतात. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, बाजार वाटता कामा नये. स्वच्छ, शास्त्रीय दिसलं पाहिजे." मला वेगळं सांगायला नको होतं. टेबलांवर पांढऱ्या चादरी घातल्या, वेताच्या परड्या आणल्या. आदल्या दिवशी बसून मी माझ्या हातानं कार्डं लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे. मावशीच्या टेबलासाठी एकच मोठं कार्ड केलं, कारण तिचे तिन्ही कंद एकाच कुळातले. वर मराठी नावं, खाली ठळक अक्षरांत 'डाय-ऑस-को-री-ए-सी-ई' असं फोडून लिहिलं आणि त्याच्या खाली एक ओळ: 'खाद्य कंदांचं कुळ'. ती ओळ लिहिताना मी एक क्षणही थांबले नाही. पाठ्यपुस्तकात तसंच होतं.

सकाळी मावशी डोक्यावर पाटी घेऊन आली. नवं लुगडं नेसली होती. तिनं परड्यांत वाटे लावले आणि कडू वाट्यांवर नेहमीप्रमाणे एकेक पुरचुंडी ठेवली. पानं सुकलेली होती, कुठं कुठं फाटलीही होती. हॉलमधला पंखा सुरू झाला आणि राख उडून पांढऱ्या चादरीवर, कार्डावर बसली. मी फडक्यानं पुसलं, पुन्हा बसली. पाहुणे यायला दहा मिनिटं होती. माझं डोकं फिरलं.

"मावशी, ही राख खाली ठेवा बघू."

"खाली ठिवली तर कसं हुईल, म्याडम? लोकास्नी कळायचं कसं?"

"कार्ड आहे ना! सगळं लिहिलंय त्यावर. तुम्ही फक्त नाव सांगा, आपण म्हणतो तसं. लोकांना आवडेल."

तिनं सगळ्या पुरचुंड्या एका घमेल्यात भरल्या आणि घमेलं टेबलाखाली पायानं सरकवलं. मी चादर खाली ओढून ते झाकलं. हे मी केलं, माझ्या हातांनी. प्राचार्यांनी मला तसं करायला सांगितलं नव्हतं.

पाहुणे आले. मावशीच्या टेबलाशी मी त्यांना थांबवलं आणि तिला खूण केली. ती ताठ उभी राहून म्हणाली, "डाय-ऑस-को-री-ए-सी-ई." क्षणभर सगळे चाट पडले आणि मग टाळ्या वाजल्या. कुणीतरी तिचा फोटो काढला. कुणीही हसलं नाही. मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, तो अभिमान तिच्याबद्दलचा कमी आणि माझ्याबद्दलचा जास्त होता.

नेऱ्यात मी राहते त्या इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते, हिंजवडीत नोकरीला, अमरावतीकडची. तिची आई त्या दिवसांत तिच्याकडे राहायला आली होती. प्रदर्शनाला या म्हणून मीच त्यांना आग्रह केला होता. दुपारी गर्दी असताना त्या दोघी आल्या. आईनं कडू करांद्याचा वाटा उचलला आणि मावशीला विचारलं, हे करायचं कसं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे, आणि बोलायला सुरुवात केली, "ह्ये बगा, ह्ये जरा..." मी तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी पिशवी देत होते. मान वळवून मीच उत्तर दिलं. "बटाट्यासारखं उकडून घ्या. सगळे एकाच घराण्यातले आहेत, काही अवघड नाही." हातात कोणता वाटा आहे तेही मी बघितलं नाही. आई म्हणाली, अरे वा, सोपं आहे की. त्या गेल्या. मावशी तोंड मिटून उभी राहिली. म्याडमनी सांगितल्यावर तिनं काय बोलायचं होतं?

दोन दिवसांनी सकाळी कॉलेजला निघताना जिन्यात वॉचमन म्हणाला, वरच्या आजींना ॲम्ब्युलन्समधून नेलं. मी हॉस्पिटलात गेले. मुलगी बाकावर बसली होती. आदल्या दिवशी जेवणात आईनं ती भाजी केली होती. एक घास घेतल्याबरोबर मुलीनं कडू लागली म्हणून थुंकून टाकली. आईनं मात्र खाल्ली. "म्हणाली, कडू आहे तं औषधी असन. माह्या साखरेले बरंच होईन," मुलगी सांगत होती. "मला म्हणाली, तुम्हा पोरींना कडू म्हणून काही खाता येत नाही. माझी पण वाटी तिनंच संपवली, काकू." मधुमेहाचं माणूस कारल्याचा रस तोंड वाकडं न करता पितं. आईनं तेच केलं. घसा भाजतोय, जीभ जड झालीय, हे तिनं संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलंच नाही. मग उलट्या सुरू झाल्या, मग झटके.

आई तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. मी तिथंच होते. मुलीनं माझा हात धरला होता आणि मला तो सोडवून घ्यायचा होता.

त्याच दिवशी मी कॉलेजात जाऊन ते कार्ड शोधलं. रद्दीच्या ढिगात वरच होतं. पर्समध्ये घालून घरी आणलं आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. फाडायचं धाडस झालं नाही आणि कुणाला दाखवायचंही झालं नाही.

चौकशीसाठी फौजदार कॉलेजच्या कार्यालयात आले. प्राचार्यांनी आधीच आम्हाला सांगून ठेवलं होतं की कॉलेजनं फक्त जागा दिली होती, विक्रेते बाहेरचे होते. मावशीला वाडीवरून बोलावून आणलं होतं. ती खुर्चीवर बसली नाही. दाराशी उभी राहिली.

"काय विकलंस तू त्या बाईला?" फौजदारांनी विचारलं.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मीच तिला शिकवलं होतं. "डाय-ऑस-को-री-ए-सी-ई," ती म्हणाली. एकही अवयव चुकला नाही. कोपऱ्यातला क्लार्क फस्सकन हसला.

"नाटकं करू नकोस," फौजदार म्हणाले. "सरळ सांग."

"कडू करांदा, सायेब. राख लावून करत्यात."

"मग राख का नाही दिलीस?"

"आनली हुती. टेबलाखाली हुती. ह्या म्याडमनी ठिवाय सांगितली."

सगळे माझ्याकडे वळले. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला त्या क्षणी त्या जुन्या तोंडी परीक्षेची आठवण झाली, समोर वेल, कानामागे हात, दारातली मुलं. उत्तर मला तेव्हाही येत होतं आणि आताही येत होतं.

"गर्दी फार होती," मी म्हणाले. "नक्की काय झालं ते मला आठवत नाही."

फौजदारांनी मान हलवून तेवढं लिहून घेतलं. मावशीवर निष्काळजीपणाची केस उभी राहिली.

मग तिच्या तारखा सुरू झाल्या. घोटावड्याच्या बाजारात शेजारच्या बायकांनी तिला पोतं अंथरू दिलं नाही. तुझ्यामुळं आमचाबी माल कुणी घेत न्हाई, म्हणाल्या. रिह्याच्या एका फार्महाऊसवर ती निंदणीला जायची, तिथंही नको म्हणाले. हे मला कळत होतं, कारण माझे विद्यार्थी त्याच गावांतले आणि त्यांना माझ्यापासून लपवायचं काही कारण नव्हतं. मी ऐकायचे, 'अरेरे' म्हणायचे आणि पुढचं कुळ फळ्यावर लिहायचे. मला जेवण जात नव्हतं, पण कॉलेज बुडवलं नाही एक दिवस. आणि लिफ्टमध्ये वरची मुलगी भेटायची. "बरी आहेस ना गं?" मी विचारायचे. "हो काकू," ती म्हणायची आणि मजल्यांचे आकडे बघत राहायची. मला वाटायचं, बिचारी अजून दुःखातून बाहेर आली नाही.

फाल्गुनात एका दुपारी घोटावड्याच्या फाट्यावर मावशी दिसली. जीपची वाट बघत सावलीला उकिडवी बसली होती. तारखेहून परत चालली होती. मी स्कूटर थांबवली. बसा म्हटलं. येणार नाही असं वाटलं होतं, पण ती आली. रिह्यापर्यंत आणि पुढे वाडीच्या चढापर्यंत तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

अंगणात तिनं मला तांब्याभर पाणी दिलं. मी प्यायले आणि म्हणाले, "मावशी, माझं चुकलं."

"त्ये मला कशाला सांगताय? मला ठावं हाय."

मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल. तसं काही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती आत गेली. चुलीशी बसून तिनं पळसाचं पान पुसलं, त्यात राख भरली, गाठ मारली आणि बाहेर येऊन पुरचुंडी माझ्या हातात ठेवली.

"ह्ये त्या मेलेल्या बाईच्या लेकीला द्या. तिची ऱ्हायलीया माझ्याकडं. मला तिचं घर ठावं न्हाई, तुमास्नी हाय. आन् राख कशापायी असती त्ये बी सांगा तिला."

एवढंच. केसबद्दल, पोलिसांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मला सोडवा असंही म्हणाली नाही. गिऱ्हाइकाला द्यायचं राहून गेलेलं ते तिनं दिलं.

ती पुरचुंडी माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आठ दिवस पडून होती. वरचा मजला म्हणजे अठरा पायऱ्या. सकाळी वाटायचं संध्याकाळी जाऊ, संध्याकाळी वाटायचं ती दमून आली असेल. मग एका रविवारी सकाळी भांडी घासणारी बाई ती हातात घेऊन म्हणाली, "राख कुटनं मिळाली वो? घासायला लई झ्याक." तिनं गाठ सोडायला सुरुवात केली होती. मी ओरडले. इतकी की बिचारीचा धक्का लागून ओट्यावरचं ताट पडलं. मी पुरचुंडी तिच्या हातून ओढून घेतली आणि तशीच, घरच्या गाऊनवर, वर गेले.

मुलीनं दार उघडलं. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "हे काय आहे काकू?"

मावशीची रीत तिथंही चालली. राख बघून माणसानं विचारलं, ह्ये कशाला. मग मी सांगितलं. राख कशाला असते ते, ती वाट्यावर होती ते, पंखा, चादर, घमेलं, माझं कार्ड, फौजदारांसमोर मी काय म्हणाले ते. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "त्या मावशी काहीतरी सांगत होत्या. तुम्ही मध्येच बोललात."

ती चौकटीपासून सरळ झाली.

"मला आठवतंय काकू. पहिल्या दिवसापासून आठवतंय. पोलिसांनी मला विचारलं, विकणारी कोण होती. बटाट्यासारखं उकडा असं कोणी सांगितलं, ते कोणी विचारलंच नाही. मी म्हटलं, काकू सांगतील. रोज लिफ्टमध्ये वाटायचं, आज सांगतील." तिचा आवाज चढला नाही. "चार महिने झाले."

मी काहीतरी बोलायला गेले, बहुतेक माफीबद्दल. तिनं ते ऐकून घेतलं नाही. पुरचुंडी माझ्या हातून घेतली आणि म्हणाली, "कपडे बदलून या. आत्ता जाऊ. मी चपला घालते."

साड्यांच्या खालून मी ते कार्ड काढलं. पोलीस स्टेशनात रविवारची शांतता होती. फौजदार नव्हते, एक हवालदार होते. त्यांनी कागद पुढे ओढला आणि मुलीच्या मांडीवरच्या पुरचुंडीकडे एकदा बघितलं. मी कार्ड टेबलावर ठेवलं. इतक्या दिवसांनीही माझं अक्षर छान दिसत होतं. त्या क्षणी मला त्याची किळस आली.

मी सगळं सांगितलं. ते लिहीत गेले. सगळं आठवत होतं मला, अगदी घमेल्याच्या कानाला असलेली भेगसुद्धा. मावशीची केस ह्यानं सुटेल की नाही ते हवालदारांना सांगता येईना. बाजारातली तिची जागा तर कुठल्याच जबाबानं परत मिळणार नव्हती. मुलगी माझ्या शेजारी बसून होती, मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून.

शेवटी हवालदारांनी पेन थांबवून विचारलं, "कंदाचं नाव काय लिहू, मॅडम?"

"कडू करांदा."

त्यांनी कार्ड उचलून डोळ्यांजवळ धरलं. "आन् ह्ये खालचं लांबलचक काय हाय? ह्ये कसं म्हनायचं?"

"ते राहू द्या," मी म्हणाले. "आधी राखेचं लिहा."